सुपारी फोडायच्या आधी सांगावं की नंतर?

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांची 27 वर्षांची मुलगी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. चार वर्षांपूर्वी सांधेदुखी, सतत ताप आणि गालांवर लाल चट्टे अशा तक्रारींनंतर तिला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असल्याचं निदान झालं. सध्या आजार आटोक्यात आहे. रोजची एचसीक्यूची (हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची) गोळी आणि ठरलेल्या तपासण्या एवढ्यावर भागतं. पिंपळगाव बसवंतचं एक चांगलं स्थळ जुळत आलंय. मुलगा नाशकात नोकरीला आहे, घरची द्राक्षबाग आहे. आता सुपारी फोडायची तारीख काढायची आहे आणि समोरच्यांना आजाराबद्दल चकार शब्द सांगितलेला नाही. 'पाहुणे आले त्या दिवशी गोळ्यांची पाकिटं मी शेजारच्या वहिनींकडे नेऊन ठेवली. गडबडीत रात्रीची गोळी राहूनच गेली,' असं ताई लिहितात. त्यांना स्वतःला थायरॉईड आहे, बहिणीला संधिवात. सासूबाई म्हणतात, 'हे तुमच्या माहेरचंच.' त्यात ताईंच्या मुलाने फोनवर एक लेख पाठवला: बायकांना असे आजार जास्त होतात ते त्यांच्या दुसऱ्या एक्स गुणसूत्रामुळे. 'म्हणजे माझाच एक्स लेकीला बाधला ना? उद्या तिला मुलगी झाली तर तिलाही होईल? मिस्टर म्हणतात, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगता येईल. मुलगी गप्प आहे. मी काय करू?'

ताई,

आधी एक्सचं मिटवून टाकू. सांगायचं की लपवायचं हे तुम्ही शेवटी विचारलंय, पण त्याचं मूळ मला त्या लेखात दिसतं. आपल्याकडून लेकीच्या अंगात काहीतरी वाईट गेलं असं एकदा मनाने घेतलं की आई ते झाकायलाच बघणार.

मुलीकडे दोन एक्स असतात. त्यातला एक तुमचा, दुसरा तिच्या वडिलांचा. वडिलांकडे मुळात एक्स एकच, आणि तो त्यांना त्यांच्या आईकडून आलेला. म्हणजे 'तुमच्या माहेरचं' म्हणणाऱ्या सासूबाईंकडून निघालेला एक्सच तुमच्या मिस्टरांमार्फत नातीपर्यंत पोचलाय. (हे त्यांना ऐकवायलाच हवं असं नाही. मनात असू द्या.) आणि तुमच्या मुलाकडे जो एकुलता एक एक्स आहे तो सोळा आणे तुमचा. तो ठणठणीत आहे. नुसता आईचा एक्स बाधत असता तर त्याला आधी बाधायला हवा होता.

मग लेख खोटा का? नाही. मुलाने पाठवलेल्या संशोधनात तथ्य आहे, फक्त त्यातून तुम्ही काढलेला अर्थ उलटा आहे.

दोन्ही एक्स पूर्ण जोराने चालू राहिले तर पेशीचा ताळमेळ बिघडतो. म्हणून गर्भ अगदी लहान असतानाच मुलीची प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स बंद करून टाकते. कोणता, ते चिठ्ठी टाकल्यासारखं. एका पेशीत आईचा बंद, तर शेजारच्या पेशीत वडिलांचा. त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या सगळ्या पेशी तोच निर्णय पाळतात. मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी 1961 साली उंदरांच्या कातडीवरच्या रंगांवरून हे मांडलं. तुम्हाला पाहायचं असेल तर गल्लीतली काळ्या-केशरी ठिपक्यांची कबरी मांजर बघा. ती जवळजवळ नेहमी मादीच असते. केशरी रंगाचं जनुक एक्सवर असतं. ज्या ठिपक्यात एक एक्स चालू तिथे केशरी केस, जिथे दुसरा चालू तिथे काळे. तुमची लेक, तुम्ही, मी, आपण सगळ्या आतून अशाच कबऱ्या आहोत.

आता बंद कसा करतात ते. ज्या एक्सला बंद व्हायचंय त्याच्यावरच 'झिस्ट' नावाचं एक जनुक जागं होतं. त्यातून आरएनएचा (जनुकाच्या उतरवून घेतलेल्या प्रतीचा) लांबलचक धागा निघतो आणि त्या अख्ख्या गुणसूत्राला गुंडाळून टाकतो. निफाड-पिंपळगावकडे घडाला ऊन लागू नये म्हणून कागद गुंडाळतात ना, तसा. या वेष्टणाला पुष्कळ प्रथिनं चिकटलेली असतात. 2015 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी ती मोजली तेव्हा 81 भरली. त्यातली बरीच अशी निघाली की ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या) आजारांत रुग्णाचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. मग 2024 च्या फेब्रुवारीत हॉवर्ड चँग यांच्या त्याच गटाने नर उंदरांत झिस्ट तयार होईल अशी सोय केली. एक्स बंद न करता, नुसतं वेष्टण. एरवी नरांत झिस्ट सहसा जागं होत नाही. या नरांना ल्युपससारखा आजार मादीच्या बरोबरीने होऊ लागला.

इथपर्यंत तुमच्या मुलाने पाठवलेल्या लेखात असणार. पुढचं वाक्य सहसा गाळलं जातं. तो आजार सगळ्या उंदरांना झाला नाही. आजाराकडे आधीपासून कल असलेल्या जातीचेच उंदीर आजारी पडले, आणि त्यांनाही बाहेरून एक तेलकट रसायन टोचावं लागलं. नुसत्या झिस्टने कुणाला आजारी पाडलं नाही. पाडलं असतं तर जगातली निम्मी माणसं अंथरुणाला खिळली असती. झिस्टचं वेष्टण तुमच्यात आहे, तुमच्या सासूबाईंत आहे, स्थळाकडच्या मुलाच्या आईत आहे, बघायला आलेल्या त्याच्या आत्यातही आहे. ती बाई असण्याची रोजची यंत्रणा आहे. एकीकडून दुसरीकडे गेलेलं खोट असलेलं काही नव्हे.

आणखी एक धागा आहे, तोही याच दिशेने जातो. बंद एक्सवरची सगळीच जनुकं गप्प बसत नाहीत; काही निसटतात आणि चालू राहतात. त्यातलं टीएलआर-7 हे विषाणूंचा आरएनए हुंगणारं जनुक आहे. काही प्रतिकारपेशींत त्याच्या दोन्ही प्रती चालू असतात, म्हणजे घरात पहारेकरी एकाऐवजी दोन. विषाणूशी लढताना बरं, पण चुकून स्वतःच्याच पेशीवर भुंकण्याची शक्यताही वाढते. काही पुरुष जन्मतः दोन एक्स आणि एक वाय घेऊन येतात. या स्थितीला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. अशा पुरुषांत ल्युपसचं प्रमाण इतर पुरुषांपेक्षा साधारण 14 पट, म्हणजे बायकांच्या जवळपास आढळलं. फरक एक्स किती आहेत याने पडतो. तो आईचा की बापाचा, याने नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी पूर्ण उडवून लावणार नाही. तुमचं थायरॉईड आणि बहिणीचा संधिवात यांचा लेकीच्या आजाराशी दूरचा संबंध असू शकतो. थायरॉईड मंदावण्यामागे पुष्कळदा हाशिमोटो नावाचा आजार असतो, तोही ऑटोइम्यून, तोही बायकांतच कितीतरी जास्त. अशा घराण्यांत कल वाहतो हे खरं. पण त्या कलाचा सगळ्यात मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या, प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणाऱ्या एचएलए जनुकांचा असतो. ती पुरुषांतही असतात आणि दोन्ही घराण्यांकडून येतात. तुमच्या मुलाने ती घेतली असतील, मिस्टरांकडून लेकीला आली असतील, कोण जाणे. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका आणि एक पुरुष असतो. कण्याचा अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस तर पुरुषांत अधिक आढळतो. मुलाची कंबर सकाळी उठताना महिनोन् महिने आखडत असेल आणि हालचाल केल्यावर सैल पडत असेल, तर 'बसून काम असतं' म्हणून सोडून देऊ नका.

नातीचं विचारलंत. अजून लग्न व्हायचंय, पण आईचं मन मला कळतं. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या, जनुकांनी जवळपास तंतोतंत असलेल्या जुळ्यांत एकीला ल्युपस असेल तर दुसरीलाही होण्याचं प्रमाण चारांत एकच्या आसपास निघालं. म्हणजे जनुकं सगळी तीच असूनही बहुतेक वेळा दुसरी निरोगीच राहते. लेकीची लेक तर निम्मीच जनुकं घेणार. म्हणून तिच्यासाठी आतापासून काही करायचं नाही. घरातल्या धडधाकट माणसांची एएनए (शरीर स्वतःविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं का हे पाहणारी रक्ततपासणी) करवून घेण्याच्या फंदातही पडू नका. ती चाचणी चांगल्या निरोगी माणसांतही कमी प्रमाणात पॉझिटिव्ह येते, आणि मग कागदावरचा तो एक शब्द घरभर झोप उडवतो. लक्षणं दिसली तर चाचणी, नाहीतर नाही.

आता सुपारी.

तुम्ही विचारता, 'मी काय करू?' मिस्टर म्हणतात, 'मग सांगता येईल.' मुलगी गप्प आहे. ताई, या घरात आजार जिचा तिचंच मत पत्रात नाही. ती 27 वर्षांची आहे, कमावती आहे, चार वर्षं स्वतःचे रिपोर्ट स्वतः सांभाळते. सांगायचं की नाही हे ठरवण्याचा पहिला हक्क तिचा. आज रात्री जेवणं झाल्यावर तिला विचारा: तुला काय वाटतं? आणि ती बोलेपर्यंत थांबा. तुम्हाला लाज वाटेल, त्रास होईल म्हणूनही ती गप्प असू शकते. गोळ्यांची पाकिटं शेजारी गेलेली तिने पाहिली आहेत. त्या दिवशी तिला काय कळलं असेल? आपल्या गोळ्या या घराला नडतात, एवढंच.

लग्नानंतर सांगण्याचा पर्याय मला का पटत नाही ते सांगते. नीतीचं राहू द्या, आधी व्यवहार बघू. एचसीक्यू रोज घ्यायची गोळी आहे. नव्या घरात, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे हेही माहीत नसताना ती चोरून घ्यायची म्हटलं की चुकणार. पाहण्याच्या कार्यक्रमाच्या एका संध्याकाळी तुमच्याच घरात चुकली! स्थिर रुग्णांनी ही गोळी थांबवली तर आजार उसळण्याची शक्यता जवळजवळ अडीच पट होते, हे कॅनडातल्या डॉक्टरांनी 1991 सालीच दाखवून दिलंय. म्हणजे जे लपवायचं तेच लपवण्यापायी चव्हाट्यावर येणार. चेहऱ्यावर, सांध्यांत, वाईट वेळ आली तर किडनीत.

कायद्याचंही बघा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार, महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीने संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं, आणि फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत तसा अर्ज करावा लागतो. ल्युपस लपवणं त्यात बसेल की नाही हे कोर्ट ठरवेल. पण तुमच्या लेकीने कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यात अशी वेळ आपण कशाला आणायची?

दुसरं टोकही मला मान्य नाही. काही जण बायोडाट्यातच आजार लिहितात. काही मध्यस्थाच्या कानावर घालतात, 'तुम्हीच योग्य शब्दांत सांगा.' मध्यस्थाने सांगितलेला आजार दुसऱ्या गावी पोचेपर्यंत कॅन्सर होतो. त्याने मुलाच्या मामाला सांगायचं, मामाने बहिणीला, आणि मुलाला सगळ्यांत शेवटी, तोही 'मुलीला रक्ताचं काहीतरी आहे' अशा शब्दांत.

माझ्या मते लेकीने मुलाला स्वतः सांगावं. सुपारीच्या आधी, समोरासमोर, दोघांनीच. गंगापूर रोडला, सोमेश्वरला, जिथे हल्ली मुलंमुली भेटतात तिथे भेटू देत. सुरुवात 'माझ्यात एक दोष आहे' अशी नको. साधं सांगावं: 'मला चार वर्षांपासून ल्युपस आहे. माझी प्रतिकारशक्ती कधीकधी माझ्याच शरीरावर उलटते. संसर्गजन्य नाही. रोज गोळी घेते, तपासण्या चालू आहेत, सध्या आटोक्यात आहे. पूर्ण बरा होत नाही, पण नीट सांभाळला तर नोकरी, संसार, मूल सगळं होऊ शकतं. तुला विचार करायला हवा तेवढा वेळ घे.' आणि मग पुढच्या तपासणीला त्याला बरोबर यायला सांगावं. संधिवाताच्या डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटं बसून त्याने स्वतःच्या शंका विचारल्या की फोनवर शोधत बसण्याच्या चार रात्री वाचतील. आईवडिलांना त्यानेच सांगावं. हवं तर तेव्हा तुम्ही दोघं जा.

तुमच्या स्थळात एक गोष्ट खास बोलायला हवी, ती म्हणजे ऊन. ल्युपसच्या पुष्कळ रुग्णांना ऊन बाधतं. चट्टे तर उठतातच, कधी आतला आजारही जागा होतो. बागायतदाराच्या घरी सूनबाईने गोडी छाटणीला, माल काढणीला बागेत यावं ही अपेक्षा चुकीची नाही, तिथे सगळेच राबतात. पण भर दुपारी तास न् तास उभं राहणं तिला जमणार नाही. हे आधी सांगितलं तर अडचण, नंतर कळलं तर 'आळशी सून'. सकाळी लवकर किंवा ऊन कललं की ती जाईल. हिशेब, पॅकिंग, निर्यातीची कागदपत्रं हे काम सावलीतलं आहे, आणि क्वालिटीत काम केलेल्या मुलीला ते कुणापेक्षाही चांगलं जमेल. बाकी सनकोट आणि स्कार्फ हा नाशकातल्या प्रत्येक गाडीवाल्या मुलीचा गणवेशच आहे. त्याला लांब बाह्या आणि दर दोन तासांनी परत लावायचं चांगलं सनस्क्रीन यांची जोड द्यायची. हळद उन्हात मांडव घालून करू नका, हॉलमध्ये करा.

लग्नाच्या गडबडीतलं आणखी एक. मुहूर्ताला पाळी येऊ नये म्हणून घरातल्या बायका मुलीला मेडिकलमधून गोळ्या आणून देतात. तुमच्या लेकीला त्या डॉक्टरांना न विचारता देऊ नका, कुणी कितीही म्हटलं तरी. ल्युपसच्या काही रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडी असतात, त्यांना हार्मोनच्या गोळ्या महागात पडू शकतात. लग्नानंतरच्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. आणि 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे, चूर्णं, टॉनिक? तिची प्रतिकारशक्ती कमी नाही, जास्तच उत्साही आहे. प्रेमाने आणलेली प्रत्येक बाटली आधी डॉक्टरांना दाखवायची.

मूल होण्याबद्दल मुलाकडचे विचारतीलच, आणि विचारणं रास्त आहे. ल्युपस असलेल्या पुष्कळ जणींची बाळंतपणं सुखरूप होतात. मात्र ती ठरवून करावी लागतात. निदान सहा महिने आजार शांत असला पाहिजे, लघवीतलं प्रोटीन आणि बीपी ताब्यात पाहिजे. एचसीक्यू गरोदरपणातही चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट, मायकोफिनोलेट यांसारखी औषधं दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी बंद करावी लागतात. रक्तात 'रो' नावाच्या अँटिबॉडी असतील तर बाळाच्या हृदयाचे ठोके तपासत राहावे लागतात. थोड्या बाळांच्या ठोक्यांत अडथळा येऊ शकतो. म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षात 'गोड बातमी कधी' असं विचारणाऱ्यांना उत्तर एकच: डॉक्टर हो म्हणतील तेव्हा.

मुलाकडच्या एखाद्या घरी हे सदर वाचलं जात असेल तर त्यांना सांगते: 'बरा होईल का' एवढंच विचारून उठू नका. किडनी कशी आहे, शेवटचा जोर कधी झाला होता, औषधं कोणती चालू आहेत, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी होते का, हे विचारा. या उत्तरांवरून आजाराचा अंदाज येतो. मधुमेह लपवलेले जावई घराघरांत खपवून घेतलेत आपण. सूनबाईच्या गोळीला तेवढी तरी जागा द्या.

नकार येऊ शकतो, ताई. नाही येणार असं मी सांगणार नाही. चांगली माणसंही घाबरून मागे सरतात. तसं झालं तर त्या दिवशी लेकीच्या जवळ बसा, पण 'तुला सांगू नको म्हटलं होतं' हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून येणार नाही एवढं बघा. मिस्टरांना आधीच बजावून ठेवा. सासूबाईंनाही.

आणि मुलगा म्हणाला, 'येतो मी डॉक्टरांकडे,' तर सुपारीची तारीख त्या भेटीनंतरची काढा. लेकीची पुढची तपासणी नेमकी खरेदीच्या आठवड्यात येत असेल तर पैठणी चार दिवसांनी घ्या, पण तपासणी पुढे ढकलू नका.